टेकडी आणि जाग : बालक व कुटुंब विकासाच्या संस्थात्मक विचाराची दोन मराठी पुस्तकांच्या आधारे चिकित्सा

प्रास्ताविक

समाजसेवक व शिक्षणसेविका यांच्यावर आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांत जे लेखन होते, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. जन्म, बालपण, आलेली संकटे, स्वीकारलेले कार्य, मिळालेले पुरस्कार आणि शेवटी ‘त्यांचे कार्य नव्या पिढीस प्रेरणादायी आहे’ हे वाक्य. प्रस्तुत लेखकानेही एम.फिल.च्या काळात असे दोन लेख लिहिले आहेत. अशा लेखनात खोटे काही नसते. परंतु गौरवाच्या भरात मूळ प्रश्न मात्र सुटून जातो. एखादी संस्था मुलासाठी नेमके काय करते? त्या मुलाच्या कुटुंबासाठी काय करते? आणि यांपैकी एक काम करताना दुसरे राहून जाते का?

हे प्रश्न घेऊन प्रस्तुत लेखात दोन मराठी पुस्तकांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. पहिले अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन आणि दुसरे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’. अभ्यासक्रमात ही पुस्तके वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली जातात. एक शिक्षणशास्त्राच्या, तर दुसरे आदिवासी चळवळीच्या. ती शेजारी ठेवून वाचली असता बालविकासासंबंधीचा आपला संस्थात्मक विचार कोठे भक्कम आहे आणि कोठे अपुरा आहे, हे अधिक स्पष्टपणे दिसते, असे या लेखाचे म्हणणे आहे. लेखाच्या उत्तरार्धात हे म्हणणे वसमत परिसरातील ऊसतोड कुटुंबांच्या कसोटीवर तपासले आहे.

एक भूमी, एक वर्ष, दोन वाटा

दोन्ही पुस्तकांची भूमी एकच आहे. तत्कालीन ठाणे जिल्ह्याचा उत्तरेकडील वारली आदिवासींचा पट्टा ही ती भूमी. त्यातील डहाणू व तलासरी हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट आहे. दोन्ही कार्यांचा प्रारंभही एकाच वर्षात झाला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेची परिषद झाली, तर मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा उठाव सुरू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरीचा अनुभव पाठीशी असलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीपूर्वी ताराबाईंची वाट बरीच लांबची होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचे प्रयोग केले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. हे सारे मुख्यतः शहरातील, पालकांना फी परवडणाऱ्या मुलांसाठी होते. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि खेड्यातील शाळेला ती घेणे शक्य नव्हते. बोर्डीला जाणे म्हणजे केवळ गाव बदलणे नव्हते. पद्धतच नव्याने घडवावी लागणार होती.

दोन्ही लेखिकांची पार्श्वभूमीही परस्परांना जवळची आहे. पुणे व त्याच्या परिसरातील पांढरपेशा घरांतून दोघी आल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य, अशी त्यांच्या आयुष्याची सुरुवात. गोदावरीबाईंचा जन्म १९०७ चा. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते आणि भारत सेवक समाजाचे कामही केले होते. दोघींनीही आपल्या वर्गाने आखून दिलेली चौकट सोडली. मात्र एकीने मुलाचा हात धरला, तर दुसरीने बापाचा. हा फरक केवळ स्वभावाचा मानून चालणार नाही. समाज कोठून बदलतो, यासंबंधीच्या दोन भिन्न उत्तरांचा तो फरक आहे.

टेकडीवरून दिसणारे मूल

अनुताईंचे आत्मकथन शिक्षिकेच्या भाषेत लिहिलेले आहे. वाक्ये सरळ, अलंकार कमी आणि स्वतःपेक्षा कामाला महत्त्व अधिक. या पुस्तकाचे मोल साहित्यगुणांपेक्षा एका पद्धतीच्या जन्माची नोंद म्हणून अधिक आहे. ही पद्धत समजून घेताना तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

पहिली गोष्ट ‘अंगणा’ची. बोर्डीची बालवाडी सुरू झाली तेव्हा दलित व आदिवासी वस्तीतील मुले तेथे येईनात. यावर दोन मार्ग होते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असा शेरा मारून मोकळे होणे हा सोपा मार्ग होता. ताराबाई व अनुताई यांनी दुसरा मार्ग घेतला. मूल शाळेत येत नसेल तर दोष शाळेच्या जागेत व वेळेत असू शकतो, असे मानून शिक्षिका स्वतः वस्तीत गेल्या आणि तेथील अंगणात बालवाडी भरू लागली. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगण बालवाडी हे दोन प्रकार यातून रूढ झाले. सामाजिक संस्थेच्या इतिहासात हा क्षण मोलाचा आहे, कारण गैरहजेरीचे स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी येथे प्रथमच कुटुंबावरून संस्थेवर आली.

दुसरी गोष्ट साधनांची. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, गवताच्या काड्या यांतून मोजणे, वर्गीकरण, रंगओळख व इंद्रियशिक्षण साधले गेले. खर्चाची बचत हे याचे एक कारण. परंतु परिणाम त्याहून मोठा आहे. मुलाच्या घराभोवती जे आहे तेच शिकण्यासारखे आहे, असे शाळा येथे सांगते. ज्या समाजाला आपले सर्व काही मागासलेले आहे असेच ऐकण्याची सवय झाली होती, त्याच्या दृष्टीने ही मान्यता किती महत्त्वाची होती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट कुटुंबाच्या श्रमाची. पन्नाशीच्या दशकात कार्य कोसबाडला हलले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. मोठ्या बहिणीला शाळेत आणायचे असेल तर तिच्या कडेवरच्या भावंडाची सोय आधी करावी लागते, हा साधा व्यवहार या रचनेच्या मुळाशी आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. मुले गुरांमागे, तर शिक्षक मुलांमागे. या दोन्ही उपक्रमांत मूल हे कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेचा भाग आहे, ही वस्तुस्थिती नाकारलेली नाही.

येथवर या पद्धतीचे सामर्थ्य झाले. मर्यादा पाहण्यासाठी शीर्षकाकडे वळावे लागते. ‘टेकडीवरून’ या शब्दातून निवेदनाची जागा निश्चित होते. टेकडीवरून पाडा दिसतो, मुले दिसतात, त्यांचे मळलेले कपडे व न विंचरलेले केस दिसतात. आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे यांना त्या बालवाडीच्या दिनक्रमात मोठे स्थान होते आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यही होते. परंतु पाणी का नाही, कपडा एकच का, आई सकाळी कोणाच्या शेतावर गेली आहे, या प्रश्नांची मुळे जमिनीच्या मालकीत आहेत. टेकडीवरून ती मुळे दिसत नाहीत असे नाही. मात्र शाळेच्या हाताने ती उपटता येत नाहीत. सुधारकाच्या नजरेत एक अंतर अपरिहार्यपणे राहते. ताराबाई-अनुताईंनी ते अंतर आयुष्य वेचून कमी केले, तरीही पद्धतीची मर्यादा ही व्यक्तीच्या त्यागाने भरून निघत नसते.

जागा झालेला माणूस आणि त्याचे मूल

‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. येथे निवेदिका टेकडीवर नाही. ती पाड्यापाड्यांतून चालते, वारल्यांच्या झोपडीत राहते, त्यांच्याशी बोलते. पुस्तकाच्या केंद्रस्थानी प्रौढ वारली आहे. जमीनदार, सावकार व जंगल ठेकेदार यांच्या पकडीत सापडलेला आणि लाल बावट्याखाली ताठ उभा राहू लागलेला.

कुटुंबविकासाच्या दृष्टीने या पुस्तकातील सर्वांत महत्त्वाची माहिती ‘लग्नगडी’ प्रथेची आहे. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावे आणि त्या कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबावे, अशी ही प्रथा. कर्ज फिटत नसे आणि राबणे संपत नसे. याचा अर्थ असा की, वारली कुटुंबाचा जन्मच ऋणात होत असे. अशा घरात जन्मलेले मूल पाळण्यात असतानाच दुसऱ्याच्या हिशेबवहीत गेलेले असते. बालकाच्या विकासाविषयी बोलताना आपण वजन, उंची, लसीकरण, अक्षरओळख यांचा विचार करतो. परंतु आई-बापांच्या कर्जाचा कागद हाही बालविकासाचा एक दस्तऐवज आहे, ही जाणीव हे पुस्तक देते.

वेठबिगारी व लग्नगडी पद्धत यांच्याविरुद्धचा उठाव हा त्या अर्थाने कुटुंबाच्या मुक्तीचा उठाव होता. बापाला ‘नाही’ म्हणता येऊ लागले, हा मुलाच्या आयुष्यातील केवढा तरी मोठा बदल आहे. तरीही या पुस्तकाची चिकित्सा करताना एक प्रश्न विचारावा लागतो. जागा झालेला माणूस मोर्चाला जातो, सभेला जातो, तुरुंगात जातो. त्या काळात तीन वर्षांचे मूल काय करते? त्याची तीन ते सहा ही वर्षे पुन्हा येणार नसतात. चळवळ त्याला भविष्य देते. वर्तमानातील त्याची भूक, त्याचे कुतूहल, त्याचा खेळ यांच्यासाठी चळवळीच्या भाषेत शब्द कमी पडतात. मराठी वाक्यरचनेत ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ची अपेक्षा असते. या शीर्षकातील ‘तेव्हा’ वाचकावर सोपवलेला आहे. माझ्या वाचनात त्या ‘तेव्हा’नंतर मूल यायला हवे.

अशा रीतीने ही दोन पुस्तके एकमेकांना पूरक ठरतात. ‘टेकडी’ मुलाला पाहते, परंतु त्याच्या घरावरील कर्ज तिला फेडता येत नाही. ‘जाग’ कर्जाला हात घालते, परंतु मुलाच्या वयाचे तिला भान राहतेच असे नाही. दोन्ही कामे एकाच वर्षी व एकाच भूमीवर सुरू झाली असूनही मराठी वैचारिक लेखनात त्यांचा संवाद फारसा घडवला गेला नाही. रचनात्मक कार्य आणि संघर्ष अशी आपली जुनी विभागणी याला कारणीभूत आहे. त्या विभागणीची किंमत मात्र मुलांनी मोजली.

अंगण ते अंगणवाडी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण आणि पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तीत समाविष्ट होत्या. त्या देणाऱ्या केंद्राचे नाव ‘अंगणवाडी’. बोर्डीच्या अंगणातील शब्द अशा रीतीने देशभर गेला. एखाद्या सामाजिक संस्थेच्या प्रयोगाला राज्यव्यवस्थेने दिलेली ही मोठी मान्यता होय.

शब्द गेला, परंतु त्याच्या मागचा विचार किती गेला, हे तपासणे आवश्यक आहे. अंगण या शब्दात दोन अर्थ होते. एक, शाळेने मुलाच्या दारात जाणे. दुसरा, त्या दाराच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणे. योजनेत अंगणवाडीला ठरावीक जागा, ठरावीक वेळ व ठरावीक नोंदवह्या मिळाल्या. एवढ्या मोठ्या योजनेला ते अटळही होते. मात्र त्यामुळे मूल पुन्हा केंद्राकडे येणारे ‘लाभार्थी’ झाले आणि न येणारे मूल ‘अनुपस्थित’ झाले. गैरहजेरीचा जाब संस्थेने स्वतःला विचारावा, हा बोर्डीचा धडा नोंदवहीच्या रकान्यात मावला नाही.

दुसरा मुद्दा अंगणवाडी सेविकेचा. अनुताईंच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्या समाजाने त्या त्यागालाच नोकरीची अट बनवले. सेविका व मदतनीस ‘मानसेवी’ राहिल्या आणि त्यांना वेतनाऐवजी मानधन मिळत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी प्रदीर्घ संप केला. येथे आपली दोन पुस्तके अनपेक्षितपणे एकत्र येतात. अनुताईंच्या बालवाडीचे काम करणारी बाई गोदावरीबाईंच्या पुस्तकातील माणसाप्रमाणे आपल्या श्रमाचा मोबदला मागत होती. संपाच्या काळात ‘मुलांचे हाल झाले’ अशी तक्रार ज्यांनी केली, त्यांनी सेविकेलाही मुले आहेत, ती घरही चालवते, हे लक्षात घ्यायला हवे होते.

दोन धारा जेथे जवळ आल्या

रचना आणि संघर्ष यांच्या मधली वाट महाराष्ट्रात नव्हतीच, असे म्हणता येणार नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लोकांची पहिली गरज औषध नसून अन्न व पाणी आहे, हे तेथे लवकर ध्यानी आले. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक, पुढे शेतकरी मंडळे व महिला मंडळे, आणि गावातीलच, बहुतेक निरक्षर व अनेकदा दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवणे, असा तो क्रम होता. ज्या बाईच्या हातचे पाणी पूर्वी चालत नव्हते, तिच्या हातून बाळंतपण व बाळाची काळजी होऊ लागली, तेव्हा आरोग्याबरोबर गावाची उतरंडही हलली.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळाची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. गावातील प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन, ताप, श्वास पाहत आणि जंतुदोषावर उपचार करत. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशपातळीवर स्वीकारली गेली.

या दोन्ही उदाहरणांत समान सूत्र आहे. संस्थेने कुटुंबाला बोलावले नाही, ती उंबरठ्यापर्यंत गेली. आणि ज्ञान बाहेरच्या तज्ज्ञाकडून गावातल्या बाईकडे सुपूर्द केले. मात्र या प्रयोगांतही एक गृहीतक आहे. घर एका जागी असते, हे ते गृहीतक. आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत ज्या घरी सहा-सात वेळा जावयाचे, ते घरच गावात नसेल तर काय?

वसमतच्या कसोटीवर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्यातील वसमत तालुका हळदीसाठी प्रसिद्ध असून वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. तालुक्यात सहकारी साखर कारखाना आहे. त्याच वेळी मराठवाड्याच्या इतर भागांप्रमाणे याही जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. ऊस पिकणाऱ्या मुलखातील माणसाने ऊस तोडायला दुसऱ्या मुलखात जावे, हा विरोधाभास येथे कोणालाच नवा नाही.

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आम्ही विद्यार्थ्यांसह परिसरातील एका गावी सात दिवस होतो. ग्रामस्वच्छता केली, भिंतींवर ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ असे रंगवले, रात्री व्याख्याने ठेवली. रंगवलेल्या भिंतींपैकी बऱ्याच घरांना कुलपे होती. शेवटच्या दिवशी ओट्यावर बसलेल्या एका आजीला मी सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “लेकरं गेलीत फडाला. दसरा झाला की गाव निम्मं होतंय, सर.” आम्ही सहा दिवस निम्म्या गावासमोर बालशिक्षणावर बोलत होतो आणि ज्यांच्याविषयी बोलत होतो ती मुले गावात नव्हती. शिबिराच्या अहवालात हे आम्ही लिहिले नाही. हा लेख काही अंशी त्या न लिहिलेल्या परिच्छेदाची भरपाई आहे.

ऊसतोडीत मजुरीचे एकक ‘कोयता’ आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा अर्धा कोयता. मुकादम हंगामापूर्वी जोडीला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली राहते. गोदावरीबाईंचे पुस्तक वाचलेल्या वाचकाला येथे लग्नगड्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. दोन्ही प्रथा एकच आहेत, असे मी म्हणत नाही. ऊसतोड मजूर करार करतो, हंगाम संपल्यावर परततो, त्याला मतदानाचा व संघटनेचा अधिकार आहे. परंतु कुटुंब ही कर्जाची जोडी होणे, हे सूत्र कायम आहे. त्याचा परिणाम विवाहाच्या वयावरही होतो. जोडी लागते म्हणून लग्न लवकर उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर शेजारच्या परभणी जिल्ह्यात सुमारे ४८ टक्के आढळले. याची कारणे अनेक आहेत. हंगामी स्थलांतर हे त्यांपैकी एक आहे, हे नाकारता येत नाही.

या कुटुंबांतील मुलांसाठी संस्थांनी काही केले नाही, असे नाही. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) ‘जनार्थ’ या संस्थेने २००२ पासून कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. कोप्यांच्या वस्तीत शाळा नेणे, हंगामाच्या वेळापत्रकाशी ती जुळवणे, हे बोर्डीच्या अंगणाचे आणि कोसबाडच्या कुरणशाळेचेच पुढचे पाऊल होते. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. प्रत्येक मूल नियमित शाळेतच असावे, ही भूमिका पुढे आली आणि साखरशाळांचे स्वतंत्र अस्तित्व मागे पडले. मुलांना गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर केली.

तत्त्व म्हणून नियमित शाळेचा आग्रह योग्यच आहे. गरिबांच्या मुलांसाठी वेगळी, दुय्यम शाळा कोणी समर्थनीय मानणार नाही. तरीही त्यात दोन उणिवा राहतात. पहिली अशी की, मूल वाचवण्यासाठी ते कुटुंबापासून वेगळे करावे लागते. बालक व कुटुंब यांचा विकास एकत्र व्हावा, असे आपण म्हणतो, आणि प्रत्यक्षात सहा महिने मूल वसतिगृहात किंवा आजीजवळ, आई-बाप फडात, अशी विभागणी करतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. शाळा व वसतिगृह ही शालेय वयाच्या मुलांची सोय आहे. सहा वर्षांखालील मूल आईपासून दूर राहू शकत नाही. ते फडाच्या बांधावर झोळीत किंवा पाचटावर असते आणि त्याला सांभाळायला शाळेतून काढलेली बहीण असते. विकासवाडीने सोडवलेले कोडे येथे जसेच्या तसे पुन्हा उभे आहे.

पाळण्याची कल्पना राज्यव्यवस्थेला अपरिचित नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. २०२२ पासून मिशन शक्तीअंतर्गत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची योजनाही आली आहे. परंतु उसाचा फड रोज बदलतो, मजूर मुकादमाचा असतो आणि कारखाना त्याला आपला कामगार मानत नाही. त्यामुळे पाळणा कोणी बांधायचा, या प्रश्नाचे उत्तर कोणाच्याच दारात सापडत नाही. येथे ‘टेकडी’ व ‘जाग’ यांची एकत्र गरज आहे. पाळणाघर चालवण्याचे कसब बालवाडीच्या परंपरेकडे आहे. ते कारखान्याच्या खर्चाने व मजुराचा हक्क म्हणून चालावे, ही मागणी मात्र संघटनाच करू शकते.

हळदीच्या हंगामातही हेच चित्र लहान प्रमाणात दिसते. काढणीपासून शिजवणे, वाळवणे, निवडणे यांपर्यंतच्या कामांत स्त्रियांचे श्रम मोठे आहेत. हे काम गावातच असल्याने मुले घरी राहतात. परंतु आईचा कामाचा दिवस अंगणवाडीच्या वेळेहून कितीतरी मोठा असतो. उरलेल्या तासांत मूल कोणाकडे, याचे उत्तर पुन्हा तीच मोठी बहीण. तीच पुढे आमच्या वर्गात प्रवेश घेते, नोव्हेंबरपर्यंत येते आणि मग हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढली जाते. ती रेघ ओढताना आपण तिची अनास्था नोंदवतो की आपली, हा प्रश्न अध्यापक म्हणून मला टाळता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात.

१. मराठीतील बालशिक्षणाच्या संस्थात्मक परंपरेचे खरे योगदान साधने किंवा गाणी यांपुरते नाही. मुलाच्या अनुपस्थितीचा जाब संस्थेने स्वतःला विचारणे, हे तिचे मूळ योगदान होय. योजनेच्या विस्तारात हाच भाग सर्वांत आधी गळला.

२. कुटुंबाच्या कर्जाला व श्रमाच्या अटींना हात न घालता केलेला बालविकास मदतकार्याच्या पातळीवर राहतो. तर मुलाच्या वयाचे भान नसलेली चळवळ एका पिढीचे बालपण गमावते. म्हणून ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ व ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ही पुस्तके एकत्र अभ्यासली जावीत.

३. आजवरचे यशस्वी प्रयोग स्थिर घर गृहीत धरतात. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील सहा वर्षांखालील मूल या सर्व रचनांच्या बाहेर राहते.

४. सेविकेच्या त्यागावर उभी राहिलेली संस्था व्यक्तीबरोबर संपण्याचा धोका असतो. ती टिकावी, असे वाटत असेल तर सेविकेच्या श्रमाचे योग्य मोल दिले गेले पाहिजे.

यात महाविद्यालयाचे काम काय, असे कोणी विचारील. पाळणाघर चालवणे कदाचित आपले काम नसेल. परंतु कोणते गाव दसऱ्यानंतर निम्मे होते, कोणत्या घरांना कुलपे लागतात, त्या घरांतील सहा वर्षांखालील मुले किती व ती कोठे जातात, याची नोंद आपल्या विद्यार्थ्यांकडून गावनिहाय करून घेणे आपल्याला सहज शक्य आहे, कारण त्यांपैकी अनेकजण त्याच घरांतून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवस भिंती रंगवण्याऐवजी या नोंदीला दिले आणि ती नोंद ग्रामपंचायत, अंगणवाडी व मजूर संघटना यांच्या हाती ठेवली, तरी एक पाऊल पुढे पडेल. शिबिर दिवाळीपूर्वी घेतले तर ही मुले निघण्याआधी गावातच भेटतील.

बोर्डीच्या अंगणात शिक्षिका प्रथम गेल्या, तेव्हा त्यांच्याजवळ योजना नव्हती, अनुदान नव्हते. मूल का आले नाही, हे पाहायला त्या गेल्या होत्या. आपल्या हजेरीपटावरील रेघांच्या मागे आपण निदान तेवढे चालून जावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.